उर्दूची गझल मराठीत रुजवणारा अमरावतीचा माणूस : सुरेश भट

15 एप्रिल ही तारीख आपल्या वऱ्हाडाने दोन कारणांसाठी लक्षात ठेवायला हवी. पहिलं कारण 1932 सालचं. त्या दिवशी अमरावतीचे सुरेश भट जन्मले. मराठी माणूस त्यांना आज ‘गझलसम्राट’ म्हणतो. दुसरं कारण अगदी अलीकडचं, 2025 सालचं. त्या दिवशी सर्वोच्च न्यायालयाने आपल्या अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगर परिषदेच्या पाटीचा निकाल दिला. पाटीवर मराठीच्या खाली उर्दूतही नाव लिहिलेलं होतं. ते काढावं, अशी मागणी थेट दिल्लीपर्यंत गेली होती. न्यायालयाने ती फेटाळली.

या दोन गोष्टी एकाच तारखेला याव्यात हा निव्वळ योगायोग आहे. पण विषय मात्र एकच आहे. उर्दू आणि मराठी या एकमेकींच्या कोण? शेजारणी, बहिणी, की भांडणाऱ्या जावा? कोर्टाने या प्रश्नाचं उत्तर कायद्याच्या भाषेत दिलं. सुरेश भटांनी तेच उत्तर त्याआधी कित्येक वर्षं शायरीच्या भाषेत देऊन ठेवलं होतं. आपल्या घरांमध्ये उर्दू शायरांची नावं लहानपणापासून कानावर पडतात. गालिब, इकबाल, फैज यांच्याबद्दल मुलांना थोडंफार माहीत असतं. पण ज्याने आपल्याच जिल्ह्याच्या शेजारी बसून गझल मराठीच्या घरात नांदवली, त्याच्याविषयी आपली मुलं फारसं काही सांगू शकत नाहीत. म्हणून हा लेख.

आयुष्य : एक पाय अधू, आवाज मात्र खणखणीत

भटांचे वडील श्रीधर भट डॉक्टर होते. आई शांताबाईंना कवितेची आवड होती आणि मुलाच्या कानावर कविता पडली ती आईमुळेच. सुरेश अडीच वर्षांचे असताना त्यांना पोलिओ झाला आणि उजवा पाय कायमचा अधू राहिला. त्या काळी पोलिओची लस नव्हती. एका जागी बसून राहावं लागणाऱ्या मुलाला आईने शब्द आणि सूर यांची सोबत दिली. अपंग मूल असलेल्या घरांनी ही गोष्ट मुद्दाम लक्षात घ्यावी असं आम्हाला वाटतं.

शिक्षण अमरावतीतच झालं. शिक्षणाची वाट सरळ नव्हती. बी. ए.च्या शेवटच्या परीक्षेत ते दोनदा नापास झाले आणि 1955 मध्ये पदवीधर झाले. पुढे पोटापाण्यासाठी अमरावतीच्या आसपासच्या खेड्यांत शिक्षकाची नोकरी केली. खडू हातात धरणाऱ्या आमच्यासारख्यांना हा तपशील वाचून उगाचच बरं वाटतं.

‘रूपगंधा’ हा पहिला कवितासंग्रह 1961 मध्ये आला. पुस्तक फार गाजलं असं नाही. असं सांगितलं जातं की संगीतकार हृदयनाथ मंगेशकरांना या संग्रहाची प्रत जुन्या पुस्तकांच्या ढिगात मिळाली. ती वाचून ते या अनोळखी कवीच्या शोधाला लागले. तिथून जी जोडी जमली तिने मराठी भावगीताचं रूप पालटलं. लता मंगेशकर, आशा भोसले यांच्या आवाजात भटांचे शब्द रेडिओवरून घराघरांत गेले. 1974 मध्ये ‘रंग माझा वेगळा’, 1983 मध्ये ‘एल्गार’ आणि 1994 मध्ये ‘झंझावात’ हे संग्रह आले. ‘सप्तरंग’ हा त्यानंतरचा. ‘सिंहासन’ (1979) आणि ‘उंबरठा’ (1982) या चित्रपटांतली त्यांची गाणी आजही लोक विसरलेले नाहीत.

पुढे ते नागपूरला स्थायिक झाले. आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांनी बौद्ध धम्म स्वीकारला. बाबासाहेब आंबेडकरांना वंदन करणारं त्यांचं गीत आज प्रत्येक जयंतीला गावोगावी वाजतं. गाणाऱ्यांतल्या अनेकांना कवीचं नावही माहीत नसतं. लोक गाणं आपलं मानून घेतात तेव्हा असंच होतं. 14 मार्च 2003 रोजी नागपुरात हृदयविकाराने त्यांचं निधन झालं. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांच्या वाट्याला कधीच आलं नाही. त्यांच्या पश्चात, 2010 मध्ये, संगीतकार कौशल इनामदारांनी त्यांच्याच शब्दांना शेकडो गायकांचा आवाज देऊन ‘मराठी अभिमानगीत’ तयार केलं. नागपूरच्या रेशीमबागेत 2017 मध्ये त्यांच्या नावाचं मोठं सभागृह उभं राहिलं.

एक गोष्ट इथे थांबून पाहण्यासारखी आहे. मराठी भाषेचा अभिमान सांगणारं आजचं सगळ्यात लोकप्रिय गीत ज्याने लिहिलं, तोच माणूस उर्दूकडून आलेली गझल आयुष्यभर उराशी धरून बसला होता. उर्दूवर प्रेम केलं म्हणून त्याचं मराठीवरचं प्रेम कमी झालं नाही.

गझल म्हणजे काय? थोडं व्याकरण

आपल्या घरांत मुशायरा शब्द सगळ्यांना माहीत असतो, पण गझलेचा सांगाडा नीट सांगता येणारे कमी. मुलांना समजावताना आम्ही कुणा मोठ्या शायराचा शेर न घेता वर्गातच जुळवलेल्या चार साध्या ओळी फळ्यावर लिहितो. शायरी म्हणून त्यांची काही किंमत नाही. त्या फक्त उदाहरणापुरत्या :

ऊन झाले फार आता, आसरा शोधू चला
गर्द काटेरी वनीही मोगरा शोधू चला

आरशाशी भांडताना शीण आला केवढा
धूळ झाडू, आपला तो चेहरा शोधू चला

दोन ओळींचा मिळून एक शेर. प्रत्येक ओळीला मिसरा म्हणतात. ‘शोधू चला’ हे शब्द जसेच्या तसे परत येतात, तो रदीफ. त्याच्या आधी येणारे ‘आसरा, मोगरा, चेहरा’ हे यमकाचे शब्द म्हणजे काफिया. त्यांतल्या ‘रा’च्या आधीचा ‘अ’ स्वर सगळीकडे सारखाच आहे, त्याला अलामत म्हणतात. ‘आसरा’बरोबर ‘निवारा’ चालणार नाही, कारण तिथे ‘रा’च्या आधी ‘आ’ आलाय. पहिल्या शेराच्या दोन्ही ओळींत काफिया-रदीफ आहे, म्हणून तो मतला. पुढच्या शेरांत फक्त दुसऱ्या ओळीत. शेवटच्या शेरात शायर आपलं नाव गुंफतो तेव्हा त्याला मक्ता म्हणतात. आणि ही सगळी बांधणी, म्हणजे वृत्त, काफिया आणि रदीफ मिळून जे होतं, तिचं नाव काय? जमीन! तलाठ्याच्या सातबाऱ्यावर जो शब्द, तोच शायराच्या वहीत.

आता वजन. वरच्या ओळी म्हणून पाहा : गालगागा, गालगागा, गालगागा, गालगा. उर्दूचे उस्ताद याला ‘फाइलातुन फाइलातुन फाइलातुन फाइलुन’ म्हणतील आणि बहर-ए-रमलमध्ये बसवतील. मराठीचे गुरुजी याच चालीला देवप्रिया वृत्त म्हणतील. चाल तीच, नावं दोन. वर्गात हे सांगितलं की मुलांच्या चेहऱ्यावर जे हसू येतं ते पाहण्यासारखं असतं. मराठी व्याकरणातले लघु-गुरू ज्यांना डोंगराएवढे वाटत होते, तीच मुलं टाळ्या वाजवत ओळ मोजू लागतात.

एक फरक मात्र आहे. उर्दूत शायराला थोडी मोकळीक असते. ‘मेरा’, ‘कोई’ यांसारख्या शब्दांतला दीर्घ स्वर गरजेप्रमाणे दाबून ऱ्हस्व म्हणता येतो. मराठीच्या अक्षरगणवृत्तात ही सोय नाही. जे लिहिलं तेच मोजायचं. म्हणजे मराठीत गझल लिहिणं एका अर्थी जास्त कडक काम आहे. भटांनी ही शिस्त स्वतः पाळली आणि इतरांकडूनही पाळून घेतली.

त्यांच्या आधी कोण होतं?

गझल मराठीत आणणारे भट पहिले नव्हते. अठराव्या शतकात औरंगाबादेकडचे अमृतराय यांच्या रचनेत गझलेचा वास येतो. हे औरंगाबाद म्हणजे वली दखनी आणि सिराज यांचं गाव, हे विसरू नका. दखनी जबान आणि मराठी तिथे एकाच बाजारात फिरत होत्या. विसाव्या शतकात माधव जूलियन, म्हणजे माधव त्र्यंबक पटवर्धन, यांनी हे काम अभ्यासाने केलं. ते फारसीचे प्राध्यापक. 1925 मध्ये त्यांनी ‘फार्शी-मराठी कोश’ तयार केला आणि 1933 मध्ये ‘गज्जलांजली’ प्रसिद्ध केली. फारसी वृत्तं मराठीत कशी बसतात हे त्यांनी दाखवून दिलं.

पण जूलियनांच्या बऱ्याच गज्जला या मुळात एकाच विषयावरच्या सलग कविता होत्या. कपडे गझलेचे, माणूस भावगीताचा. गझलेचा जीव असतो तो सुट्या शेरात. प्रत्येक शेर स्वतंत्र, दोन ओळींत पूर्ण. पहिल्या ओळीत बात उभी करायची, ऐकणाऱ्याला थांबवायचं आणि दुसऱ्या ओळीत काफियापाशी असा उलगडा करायचा की तोंडातून ‘वाह’ निघालीच पाहिजे. हे तंत्र मराठी मातीत खरोखर उगवलं ते भटांच्या हातून.

त्यांचा दुसरा आग्रह भाषेचा होता. मराठी गझल मराठीच वाटली पाहिजे. शमा, परवाना, साकी, मैखाना हे सामान उचलून मराठीत ठेवलं म्हणजे गझल होत नाही. त्यांच्या गझलेत वेदना आहे ती इथल्या माणसाची, राग आहे तो इथल्या व्यवस्थेवरचा, दिंडी-पंढरी आहे, झोपडी आहे, फसवलेला गरीब आहे. विशेष म्हणजे, हा आग्रह धरणाऱ्या कवीने सगळ्यात तिखट संग्रहाला नाव दिलं ‘एल्गार’. हा शब्द तुर्की-फारसीच्या वाटेने आला आणि मराठीत इतका मुरला की आज शेतकऱ्यांच्या मोर्चाच्या फलकावर तो लिहिताना कुणी क्षणभरही थांबत नाही.

सुरुवातीला मराठीतल्या मोठ्या मंडळींनी गझलेकडे नाक मुरडलं. परकी चीज आहे, यमकांचा खेळ आहे, गाण्यापुरती ठीक आहे, असे आक्षेप घेतले गेले. भटांनी वाद घातले, पण त्याहून मोठं काम केलं ते लोकांमध्ये जाऊन. त्यांनी मंचावर उभं राहून आपल्या गझला तरन्नुममध्ये म्हटल्या. म्हणजे मुशायऱ्याची जी रीत आपण पाहत आलो, तीच मराठी श्रोत्यांसमोर नेली. लोकांनी उचलून धरलं, मग टीकाकार हळूहळू मवाळ झाले.

पोस्टाने चालणारी उस्तादी

उर्दूत उस्ताद-शागिर्दची परंपरा आहे. नवा शायर आपलं कलाम उस्तादला दाखवतो, उस्ताद दुरुस्ती करतो, त्याला इस्लाह म्हणतात. मराठीत अशी पद्धत नव्हती. भटांनी ती सुरू केली आणि तीही पोस्टाने! गझलेचे नियम सोप्या मराठीत सांगणारी ‘गझलेची बाराखडी’ त्यांनी लिहिली आणि नव्या कवींना ती ते विनामूल्य पाठवत असत. पत्रांतून चुका दाखवत, परत लिहायला लावत. ज्याला गझल लिहायची आहे त्याची जात, धर्म, गाव विचारायचं कारण नव्हतं. काफिया बरोबर आहे की नाही, एवढाच प्रश्न.

याचं फळ काय मिळालं? आज वऱ्हाडात आणि महाराष्ट्रभर मराठी गझल लिहिणारे शेकडो हात आहेत. अमरावती जिल्ह्यातल्या आष्टगावचे भीमराव पांचाळे यांनी मराठी गझल गायनाला आयुष्य दिलं, ‘गझल सागर प्रतिष्ठान’ उभं केलं आणि मराठी गझलेची संमेलनं भरवली. आणि एक नाव आपण विसरता कामा नये, ते इलाही जमादार यांचं. सांगली जिल्ह्यातल्या दुधगावचा हा मुस्लिम घरातला मुलगा. जन्म 1946 चा. मराठीत त्यांनी एवढ्या गझला लिहिल्या, दोहे लिहिले की त्यांचं नाव भटांनंतरच्या पहिल्या फळीत घेतलं जातं. ‘जखमा अशा सुगंधी’ हा त्यांचा गाजलेला संग्रह. 31 जानेवारी 2021 रोजी ते अल्लाहला प्यारे झाले.

वाचकहो, हा हिशोब जरा मांडून पाहा. ब्राह्मण घरात जन्मलेला, पुढे बौद्ध झालेला कवी उर्दूतून गझल घेतो. मुस्लिम घरातला कवी तीच गझल मराठीत लिहून मराठीचा लाडका होतो. दोघांच्याही गझला गातो तो आष्टगावचा भीमराव. यात भाषेची मालकी नेमकी कुणाची ठरवायची?

पातूरची पाटी आणि आपली मुलं

अकोल्याहून वाशिमच्या रस्त्याला लागलं की पातूर लागतं. तिथल्या नगर परिषदेच्या पाटीवर मराठीखाली उर्दू होती. 2022 च्या स्थानिक प्राधिकरणांच्या राजभाषा कायद्यानुसार पाटी फक्त मराठीतच हवी, असं आक्षेप घेणाऱ्यांचं म्हणणं. मुंबई उच्च न्यायालयाने आणि नंतर न्यायमूर्ती सुधांशू धुलिया व न्यायमूर्ती के. विनोद चंद्रन यांच्या खंडपीठाने ते मान्य केलं नाही. कायदा मराठी सक्तीची करतो, पण तिच्यासोबत दुसरी भाषा लिहायला मनाई करत नाही, हा निकालाचा गाभा. भाषा म्हणजे धर्म नव्हे आणि उर्दू याच भूमीत जन्मलेली भाषा आहे, हेही न्यायालयाने स्पष्ट सांगितलं.

निकाल आला तेव्हा आपल्याकडे आनंद झाला आणि तो रास्तच होता. पण एक प्रश्न आपण स्वतःलाही विचारायला हवा. पाटीवरच्या उर्दूसाठी आपण इतके हळवे होतो, मग त्याच पाटीवर वरच्या ओळीत असलेल्या मराठीशी आपलं नातं किती? 2020 च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या शाळांत पहिली ते दहावी मराठी सक्तीची झाली आहे. उर्दू माध्यमाच्या शाळांत ती शिकवली जाते, पण बऱ्याच घरांत तिच्याकडे ‘पास होण्यापुरता’ विषय म्हणून पाहिलं जातं. पुढे तलाठी भरती असो, पोलीस भरती असो की तहसीलमधला साधा अर्ज, मुलं अडखळतात ती इथेच. आणि नुकसान फक्त नोकरीचं नाही. मराठी न येणारा माणूस आपल्या गावाच्या चर्चेत गप्प बसतो. त्याच्याबद्दल बोललं जातं, तो स्वतः बोलत नाही.

उलट बाजूही तितकीच खरी. मुलं इंग्रजी शाळेत गेली की घरातली उर्दू सुटते. आजीची जबान नातवाला वाचता येत नाही. दोन्ही भाषा हातच्या जाऊ द्यायच्या आणि मग तहजीब गेली म्हणून रडायचं, याला काय अर्थ?

आमचं पालकांना सांगणं साधं आहे. घरात उर्दूचा काफिया-रदीफ ज्याला कळतो, त्या मुलाला मराठी कविता अवघड नाही. त्याच्याकडे किल्ली आधीच आहे. आठवड्यातून एक दिवस अर्धा तास काढा. एक उर्दू गझल मोठ्याने वाचा, मग भटांची किंवा इलाहींची एक मराठी गझल वाचा. मुलांना काफिया शोधायला सांगा, टाळीवर वजन मोजायला लावा. मोहल्ल्यात किंवा शाळेत मुशायरा ठेवाल तेव्हा मराठी शेर म्हणणाऱ्यालाही माईक द्या आणि शेजारच्या मराठी शाळेतल्या मुलांना आमंत्रण द्या. त्यांना उर्दू लिपी येत नसेल, पण ‘वाह’ कुठे म्हणायचं हे पहिल्या दहा मिनिटांत कळतं. शहरातल्या वाचनालयात ‘एल्गार’ मागा. नसेल तर मागणीच्या वहीत नाव लिहून या. मागणी झाली तरच पुस्तक येतं.

पुढच्या 15 एप्रिलला आपल्या शाळांनी भटांची जयंती करावी. उर्दू शाळेने मराठी गझल वाचावी आणि मराठी शाळेने उर्दू. दोन्हीकडची मुलं एकाच फळ्यावर ‘गालगागा’ आणि ‘फाइलातुन’ शेजारी शेजारी लिहितील, तेव्हा पातूरच्या पाटीचा अर्थ त्यांना वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.